आधी दार, मग कोंबडी

खेड्यातल्या घरात कोंबडी कोणाच्या मालकीची, हे कुणी विचारत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक असते. जमीन सासऱ्याच्या नावावर, बैलजोडी नवऱ्याची, म्हशीच्या दुधाचा हिशेब डेअरीच्या वहीत. कोंबडी मात्र बाईची. तिची अंडी, तिची पिल्ले, पाहुणा आला तर तिच्यावर सुरी चालवायची की नाही हा निर्णय आणि बाजारच्या दिवशी ती विकून आलेले पैसे, हे सारे बाईच्या अखत्यारीत. डाळीच्या डब्यात दडवलेल्या नोटांपैकी बऱ्याचशा कोंबडीने दिलेल्या असतात. म्हणूनच खान्देशातल्या एखाद्या वस्तीवर रात्री खुराड्यात फडफड झाली आणि सकाळी अंगणात पिसांचा सडा दिसला, तर वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही. पण त्या घरातली एक बँक बुडालेली असते.

बँक हा शब्द मी जपून वापरतो आहे. उमेदीची सारी वर्षे मी बँकेच्या काउंटरमागे काढली. १९८८ च्या सुमारास साक्री तालुक्यातल्या एका शाखेत मी फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशभर लागू झाला होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला कर्ज द्यायचे, त्यावर सरकारने अनुदान द्यायचे आणि कुटुंबाने म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र किंवा कोंबड्या घेऊन वर यायचे, अशी ती कल्पना. उद्दिष्टाचा आकडा वरून येई आणि मार्च जवळ आला की आम्ही धावतपळत तो पुरा करीत असू.

अशाच एका मार्चमध्ये एका बाईला दहा कोंबड्यांचे कर्ज दिले. पावसाळ्याच्या तोंडावर ती शाखेत आली. हातात फडके होते. ते तिने माझ्या टेबलावर सोडले. आत पिसे आणि दोन पिवळे पाय. "मुंगूस लई गयं, भाऊ," एवढेच म्हणाली. शेळी मेली तर तिच्या कानातला बिल्ला दाखवून विम्याचा दावा करता येई. कोंबडीला बिल्ला लावायला कान कुठून आणायचा? मी नियमाप्रमाणे शेरा लिहिला : कर्जदाराच्या निष्काळजीपणामुळे मालमत्ता नष्ट. पुढे दोन वर्षे तिने निंदणीच्या मजुरीतून हप्ते फेडले. एकही चुकवला नाही.

निष्काळजीपणा खरोखर कोणाचा होता, हे कळायला मला फार वर्षे लागली. आमच्या त्या प्रकरणात पक्ष्यांची किंमत होती, खाद्याची होती. दाराची नव्हती. दहा पक्षी रात्री कुठे बसणार, हा प्रश्न ना आमच्या छापील अर्जात होता, ना माझ्या डोक्यात.

हे सारे जुने झाले, म्हणावे तर तसेही नाही. तो कार्यक्रम १९९९ साली संपला, पण परसातली कोंबडी संपली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या एकूण ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले होते, आणि आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. बचत गट आले. हैदराबादच्या संशोधकांनी तयार केलेली वनराजासारखी जात आली. परसातल्या मातीपाचोळ्यात चटकन नजरेत भरू नये, म्हणून तिला रंगीत पिसे दिलेली. पण ती अंगाने जड, गावठी कोंबडीसारखी भर्रकन निंबावर चढणारी नव्हे. २०२१ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात हजार पक्ष्यांच्या पैदास केंद्राला निम्मे अनुदान मिळते. तिथली पिल्ले खेड्यातल्या बायांकडे जावीत, ही अपेक्षा. पिल्ले जातीलही. पण त्यांच्या रात्रीच्या घराचे काय?

आता चोर कोण, ते पाहू. मुंगूस दिवसाउजेडी येते, अंडे मागच्या पायांमधून दगडावर आपटून फोडते आणि संधी मिळाली तर कोंबडीची मान धरते. रानमांजर आणि जवादी मांजर अंधाराची वाट पाहतात. दिवस मावळला की कोंबडीला दिसेनासे होते, ती जागची हलत नाही. मग एका फटीतून आत शिरलेले जनावर भुकेपेक्षा जास्त पक्षी मारून जाते. कोल्हा कुडाखालून उकरतो. शिक्रा आणि घार पिल्ले उचलतात, नाग-धामण अंडी गिळतात. आणि या सर्वांचा दोष ज्यांच्या अंगावर कधीच जात नाही ती गावातली मोकाट कुत्री! सकाळी दिसणाऱ्या खुणांवरून अनुभवी बाई चोर ओळखते. पक्षी सगळाच नाहीसा झाला तर मांजर किंवा कोल्हा. मान तुटलेली आणि धड तिथेच पडलेले, तर मुंगूस किंवा जवादी. अंडी टरफलासकट गेली, तर साप.

ही जनावरे पूर्वीही होतीच. यावल अभयारण्य १९६९ पासून आहे आणि सातपुडा तर त्याच्याही आधीपासून. मग बदलले काय? माझ्या पाहण्यात दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे, आम्ही जनावरांना गावाजवळ बोलावून घेतले. रावेर-यावलच्या केळीबागांत आणि गिरणाकाठच्या उसात बाराही महिने गारवा, आडोसा आणि उंदीर मिळतात. त्यात चिकनच्या दुकानांची घाण गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पडते. ताट वाढून ठेवायचे आणि पाहुणा आला म्हणून ओरडायचे, असा हा प्रकार. दुसरी गोष्ट म्हणजे घर बदलले. शेणाने सारवलेल्या मातीच्या घरात कोंबड्या रात्री आत, डालग्याखाली असत. माणसाच्या उशाशी आणि चुलीच्या उबेला. आता घरकुल आले, फरशी आली, आणि कोंबडी बाहेर गेली. घर पक्के झाले याचा आनंदच आहे. पण घरातून निघालेल्या कोंबडीला दुसरे घर कोणी बांधून दिले नाही.

मग राग येतो आणि मांसाच्या तुकड्याला विष लावले जाते, कुंपणात वीज सोडली जाते. विषाने कुत्री मरतात, घुबडे मरतात; विजेने घरातलेच मूल जाऊ शकते. मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून त्यांना मारणे गुन्हाही आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब चुकतोच. जे मुंगूस वर्षात दोन कोंबड्या नेते, तेच शेतातले उंदीर आणि घराजवळचे साप खाते. १८७२ साली जमैकातल्या ऊसमळेवाल्यांनी उंदरांसाठी आपल्याकडून मुंगसे नेली. तिथे ती परकी होती, बेसुमार वाढली आणि बेटावरच्या पक्ष्यांवर उठली. इथे ती घरची आहेत. घरच्याला मारायचे नसते. त्याच्यासमोर दार लावायचे असते.

मोठ्या जनावराची गोष्ट वेगळी. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा सारी यंत्रणा धावली आणि डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. ते योग्यच होते. बैल किंवा शेळी बिबट्याने मारली तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. कोंबडी मुंगसाने नेली म्हणून पंचनाम्याला कोणी आल्याचे मी तरी ऐकलेले नाही. रोगाने मात्र सरकार कोंबडीच्या दारी येते. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू सापडला. ती देशातली पहिली नोंद. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांपर्यंत तो आला, परसातले पक्षीही मारले गेले, त्यांची भरपाई ठरली. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच. म्हणजे दहा कोंबड्यांची किंमत सरकारला कळत नाही असे नाही. ती फक्त साथीच्या वेळी कळते.

उपाय अवघड नाही, म्हणूनच त्याची टाळाटाळ बोचते. दहा कोंबड्यांना चार फूट बाय तीन फूट खुराडे पुरते. ते जमिनीपासून दोन फूट उंच, आत बसायला आडवी काठी. दुकानात मिळणारी षट्कोनी मुर्गाजाळी कोंबडीला आत ठेवते, पण जनावराला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी हवी. खुराडे जमिनीवरच असेल तर जाळी फूटभर पुरून बाहेरच्या अंगाला वळवावी. दाराला एक नव्हे, दोन कड्या. अंडी दुपारीच गोळा करावीत, लहान पिल्ले दिवसाही जाळीखाली ठेवावीत आणि दिवेलागणीआधी दार लावावे. चार-पाच गावठी कोंबड्यांच्या किमतीत हे काम होते. शिवाय बारीक जाळी लावून वरून छप्पर केले, तर रानपक्षी खाद्यापाण्याला येत नाहीत आणि रोगाचीही एक वाट बंद होते.

खर्च आहे, पण तो पक्ष्यांच्या आधीचा आहे, नंतरचा नव्हे. योजना कोणतीही असो, बचत गटाची, पंचायत समितीची की बँकेची, पहिला हप्ता खुराड्याचा असावा. ते उभे राहिलेले कोणीतरी डोळ्यांनी पाहावे, कडी स्वतः लावून पाहावी आणि मगच पिल्लांची टोपली उतरवावी. बँकेची नवी शाखा उघडताना आम्ही नाही का आधी स्ट्राँगरूम बांधत आणि मग रोकड आणत? तिजोरीला दार नसताना रोकड गेली, तर कोणी खातेदाराला निष्काळजी म्हणत नाही.

त्या बाईच्या कागदावर मी मात्र तसे लिहिले होते. आज तो शेरा बदलता येत नाही. पुढच्या बाईच्या अर्जात एक ओळ वाढवता येईल : रात्री पक्षी कुठे ठेवणार? आणि त्या ओळीपुढे अधिकाऱ्याने स्वतः जाऊन, पाहून सही करावी.