यजमानपदाचा सोस

दिनांक २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथे भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडासंघटनेच्या सभेने २०३० सालच्या शतकमहोत्सवी खेळांचे यजमानपद अहमदाबाद शहरास दिले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या महाविद्यालयाच्या अध्यापककक्षात पेढे वाटण्यात आले. पेढे देणारे गृहस्थ स्वतः कधी पटांगणावर धावल्याचे ऐकिवात नाही, त्यांचे म्हणणे एवढेच की, "आता आपण जगाच्या पंक्तीला बसलो." मी पेढा खाल्ला (तो उत्तम होता) आणि विचारले की, पंक्तीला बसणे आणि पंक्त वाढणे यांत काही भेद आहे की नाही, आणि शिधा कोणाच्या घरचा? यावर मला मिळालेले उत्तर असे की, मंगल प्रसंगी हिशेब काढणे अभद्र होय. हे मत त्या एकट्या गृहस्थांचे असते तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या सुशिक्षित वर्गातील पुष्कळांची हीच समजूत झालेली दिसते, आणि २०३६ च्या ऑलिम्पिक खेळांचीही मागणी आपण करून बसलो असल्यामुळे ही समजूत महाग पडण्याचा संभव आहे.

क्रीडेविषयी मला अनास्था आहे असे कोणी समजू नये. २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या धावपट्टीवर नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत या आदिवासी मुलीने दहा हजार मीटरांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा माझेही डोळे पाणावले होते. तो आनंद कोणत्याही जमाखर्चात मांडता येत नाही, हे मला मान्य आहे. वाद आहे तो किंमतीविषयी: ती अगोदर सांगतात काय, खरी सांगतात काय, आणि घेतात कोणाकडून?

दिल्लीचे नाव निघाले की आपल्याकडे बोलणे तत्काळ भ्रष्टाचाराकडे वळते. त्या खेळांच्या आयोजनसमितीचे अध्यक्ष पुण्याचे असल्यामुळे आम्हा पुणेकरांना तर त्या विषयात विशेष गोडी. पुढे सक्तवसुली संचालनालयाने त्यांच्याविरुद्धचे प्रकरण मिटविण्यासाठी दिलेला अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये मान्य केला, आणि तेव्हापासून उलट बाजूचा सूर ऐकू येऊ लागला आहे की, चोरी सिद्ध झाली नाही त्या अर्थी खेळांवरचा आक्षेपही संपला. माझ्या मते दोन्ही पक्ष सारखेच चुकतात. चोरी झाली असे धरा वा न झाली असे धरा, बिल आले ते आलेच. मे २००३ मध्ये यजमानपदासाठी अर्ज करण्यास संमती देताना केंद्र सरकारपुढे २९७ कोटी रुपयांचा आकडा होता. ऑगस्ट २०११ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात सर्व सरकारी खात्यांच्या खर्चाचा अंदाज १८,५३२ कोटी दिला आहे. हे दोन आकडे एकाच मापाचे नव्हेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्यात पुष्कळ बाबी धरलेल्याच नव्हत्या. परंतु माझा आक्षेप तोच आहे. ज्या वेळी "नको" म्हणण्याची सोय असते, त्या वेळी पुष्कळ बाबी धरलेल्या नसतात. त्या धरल्या जातात तेव्हा "नको" म्हणण्याची सोय उरलेली नसते. आयोजनसमिती तर आपला खर्च आपल्याच उत्पन्नातून भागेल असे शेवटपर्यंत सांगत होती, आणि तूट आल्यास ती सोसण्याची हमी सरकारने आधीच देऊन ठेवली होती. यजमानपद मिळावे म्हणून प्रत्येक सदस्य-संघास एक एक लक्ष डॉलर देऊ केले होते, हेही विसरू नये. आमंत्रणाआधी दक्षिणा वाटणारा यजमान आमच्या शास्त्रात तरी सापडत नाही.

हे असे का होते, याचे उत्तर मला मुहूर्तात सापडते. धरणाचे काम रेंगाळले तर दोन वर्षांनी होते. महाविद्यालयाची इमारत तर दहा वर्षांनीही झालेली मी पाहिली आहे. खेळांची तारीख मात्र हलत नाही. मुहूर्त जवळ आला की मांडववाला, आचारी, वाजंत्री यांचे दर कसे चढतात, हे मुलीचे लग्न केलेल्या प्रत्येक बापास ठाऊक आहे. आणि ठेकेदार तर मांडववाल्याहून हुशार असतो. दिल्लीस यजमानपद नोव्हेंबर २००३ मध्ये मिळाले. त्यानंतरची पहिली जवळजवळ तीन वर्षे फुकट गेली, असा ठपका महालेखापरीक्षकांनी ठेवला आहे. शेवटी घाई इतकी झाली की, ३ ऑक्टोबर २०१० च्या उद्घाटनास बारा दिवस उरले असता मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळून वीसांहून अधिक मजूर जखमी झाले.

हे केवळ आमच्या गबाळेपणाने होते असेही नाही. कॅनडा देशातील माँट्रिअल शहराचे महापौर जाँ द्रापो यांनी १९७६ च्या ऑलिम्पिकपूर्वी ग्वाही दिली होती की, पुरुषाला मूल होणे जितके अशक्य, तितकेच या खेळांत तूट येणे अशक्य. पुढे काय झाले ते प्रसिद्धच आहे. उद्घाटनाच्या दिवशी स्टेडियम अपुरे होते, त्याचा मनोरा व छप्पर १९८७ मध्ये पुरे झाले, आणि कर्ज फिटले २००६ साली. म्हणजे जे मूल त्या वर्षी जन्मास आले, ते तिशीचे होईपर्यंत बापजाद्यांच्या सणाचे ऋण फेडीत होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९६० पासूनच्या ज्या ज्या ऑलिम्पिक खेळांचे आकडे मिळाले ते तपासले, तेव्हा मूळ अंदाजात बसलेला एकही खेळ त्यांस आढळला नाही; सरासरी वाढ दीडशे टक्क्यांहून अधिक निघाली. सारीच शहरे चोरांची असतील असे मानण्यापेक्षा हा धंदाच तसा आहे असे मानणे अधिक न्याय्य होय.

आता लाभाच्या बाजूचा मुख्य मुद्दा: रस्ते, पूल, मेट्रो. "खेळांच्या निमित्ताने तरी शहर सुधारते," हे वाक्य मी इतक्या सज्जन माणसांच्या तोंडून ऐकले आहे की, त्याची थट्टा करणे जिवावर येते. परंतु दिल्लीची मेट्रो डिसेंबर २००२ मध्येच धावू लागली होती. त्या वेळी यजमानपद मिळालेही नव्हते. उलट खास खेळांसाठी म्हणून गाजलेला विमानतळाचा मार्ग पाहुणे परत गेल्यावर चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाला, आणि २०१२ च्या जुलैत दुरुस्तीसाठी बंद करावा लागला. नागरिकांना रस्ता हवा असेल तर रस्ताच मागावा. रस्त्यासाठी भालाफेकीचे सामने भरवावे लागत असतील, तर त्या नगराच्या कारभारात काही मूलभूत बिघाड आहे, आणि तो सामन्यांनी दुरुस्त व्हावयाचा नाही.

लॉस एंजेलिसचे उदाहरण आमच्या तोंडावर नेहमी फेकले जाते. १९८४ च्या तेथील ऑलिम्पिकमध्ये सुमारे २३ कोटी डॉलर शिल्लक राहिले, हे खरे आहे. पण का राहिले? १९७८ मध्ये त्या शहराच्या मतदारांनी नगराचा पैसा खेळांवर खर्च करण्यास सनदेनेच बंदी केली. मुख्य स्टेडियम १९२३ पासूनचे होते तेच वापरले. आणि दुसरा कोणीही उमेदवार नसल्यामुळे ऑलिम्पिक समितीस शहराच्या अटी मान्य कराव्या लागल्या. अर्थात नफा झाला तो "नाही" म्हणता येत होते म्हणून. हे उदाहरण देणाऱ्यांनी अहमदाबादच्या मतदारांपुढे तशी बंदी मांडून पाहावी. मोटेऱ्यास १,३२,००० प्रेक्षकांचे स्टेडियम आधीच उभे आहे असे सांगतात. ते क्रिकेटचे आहे, आणि ऑलिम्पिकचा संसार त्यात मावणारा नव्हे.

खेळाडू निर्माण होतात, हा दुसरा मुद्दा. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे क्रीडासंकुल बांधले, २००८ मध्ये तेथेच राष्ट्रकुल युवक खेळ झाले. हे संकुल निरुपयोगी ठरले असे मी म्हणणार नाही. तेथे स्पर्धा होतात, मुले सराव करतात. परंतु शहरातील ज्या शाळांच्या मधल्या सुट्टीत मुले जिन्यात पकडापकडी खेळतात, कारण अंगणात शिक्षकांच्या मोटारसायकली उभ्या असतात, त्या शाळांना या तीस वर्षांत बालेवाडीमुळे एक हातभर मैदान अधिक मिळाले नाही. स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचे. १९५२ मध्ये हेलसिंकीस जावयाचे तर पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. त्या पदकामागे तांबडी माती होती, आणि एका प्राध्यापकाचे घर. (माझ्या घरावर बँकेचा बोजा आधीच असल्यामुळे मला हे औदार्य शक्य नाही, परंतु पेढ्यांऐवजी कोणी अशी वर्गणी काढील तर मी पहिला देणारा होईन.)

उरला प्रतिष्ठेचा मुद्दा. राष्ट्रकुल खेळ प्रथम भरले १९३० मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे, तेव्हा शतकमहोत्सवही तेथेच व्हावा अशी खटपट सुरू होती. ती सिद्धीस गेली नाही. त्याच देशातील ॲल्बर्टा प्रांत पुढे आला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये खर्चाचे कारण सांगून मागे सरला. त्याच्या आदल्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२६ चे खेळ, पत्करून झाल्यावर, परत केले. २६० कोटी डॉलरांचा अंदाज ६०० ते ७०० कोटींवर जाईल असे दिसताच राज्याच्या प्रधानांनी सांगितले की, रुग्णालयांचा व शाळांचा पैसा बारा दिवसांच्या खेळांवर घालावयाचा नाही. या माघारीबद्दल ३८ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली, ती त्यांनी दिली. शेवटी ग्लासगोने केवळ दहा क्रीडाप्रकार ठेवून ते खेळ आपल्याकडे घेतले. हॅम्बुर्गच्या नागरिकांनी २०१५ मध्ये, आणि डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोच्या मतदारांनी १९७२ मध्ये, मतपेटीतून ऑलिम्पिक नाकारले. यांपैकी कोणाची अब्रू गेली? ज्या मानाच्या ताटावरून इतके संपन्न लोक उठून गेले, ते रिकामे ताट आपल्या वाट्यास आले म्हणून आपण पेढे वाटावे, हे मला तरी चमत्कारिक वाटते.

आणि खिसा कोणाचा? दिल्लीच्या सरकारने अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी राखून ठेवलेले सुमारे सातशे कोटी रुपये खेळांच्या कामांकडे वळविले. हे अयोग्य झाले, असे गृहमंत्र्यांनाच ऑगस्ट २०१० मध्ये राज्यसभेत कबूल करावे लागले. त्यापूर्वीचा, १९८२ च्या आशियाई खेळांचा इतिहास तर न्यायालयाच्या निकालातच नोंदलेला आहे. दिल्लीत पूल व स्टेडियमे बांधणाऱ्या मजुरांसाठी किमान वेतन दिवसास सव्वानऊ रुपये ठरलेले होते. ती रक्कम जमादारांच्या हाती पडे, आणि ते प्रत्येक मजुरामागे रोज एक रुपया दलाली कापून सव्वाआठ रुपये त्याच्या हातावर ठेवीत. काही कार्यकर्त्यांनी बांधकामे पाहून एका न्यायमूर्तींस पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. सरकारपक्षाचा पहिला आक्षेप काय होता? अर्जदारांस हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच नाही, हा. न्या. भगवती यांनी तो फेटाळला आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम ही राज्यघटनेने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय, असा निर्णय दिला. आमच्या कक्षातील "हिशेब काढणे अभद्र" या उत्तराचा नातेवाईक मला त्या आक्षेपात दिसतो.

तो निकाल लागला १८ सप्टेंबर १९८२ रोजी, आणि खेळ सुरू झाले १९ नोव्हेंबरला. रोजचा एक एक रुपया कापून घेण्याचे बहुतेक दिवस तोपर्यंत उलटून गेले होते. अहमदाबादच्या बाबतीत प्रश्न वेळेवर विचारले जावेत एवढीच माझी मागणी आहे. खर्चाची कमाल मर्यादा किती, ती ओलांडली तर भरणार केंद्र, राज्य की महापालिका, आणि कोणकोणत्या खात्यांचे राखीव पैसे हलवावयाचे नाहीत, हे यजमानांनी आताच छापून प्रसिद्ध करावे. २०३६ साठी तर सही होण्यापूर्वीच करावे. कारण ऑलिम्पिक समिती तूट भरून देण्याची हमी आधी लिहून घेते, आणि मग मुहूर्त सांगते.