अंतर किलोमीटरचे, प्रशासन तासांचे

चेन्नई आणि श्री विजयपुरम (सप्टेंबर २०२४ पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १,३७० किलोमीटर आहे. जहाजाने अडीच ते तीन दिवस घेणारा हा प्रवास विमानाने सव्वादोन तासांच्या आसपास होतो. जुलै २०२३ मध्ये तेथील वीर सावरकर विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. मुख्य भूमी आणि अंदमान यांतील अंतर मिटले, असा निष्कर्ष यावरून सहज निघतो. तो अर्धाच खरा आहे.

श्री विजयपुरमहून ग्रेट निकोबारमधील कॅम्पबेल बे आणखी सुमारे ५३० किलोमीटर दक्षिणेस आहे. १९६९ पासून पंजाब, महाराष्ट्र आदी राज्यांतील माजी सैनिकांची कुटुंबे शासनाने येथे वसविली. हेलिकॉप्टरमध्ये आसने मोजकीच असतात. जहाजाला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो आणि समुद्र खवळला की वेळापत्रक कोलमडते. म्हणजे पहिल्या १,३७० किलोमीटरना जेवढे तास लागतात, त्याच्या कितीतरी पट पुढच्या ५३० किलोमीटरना लागतात. गंभीर रुग्णाच्या दृष्टीने नकाशावरील अंतर निरर्थक ठरते. त्याच्यासाठी पुढचे वाहन कधी निघणार, हाच प्रश्न असतो.

अर्थशास्त्रात प्रवासाचा खर्च केवळ भाड्याने मोजत नाहीत. वेळ आणि अनिश्चितता यांचेही मूल्य धरावे लागते. २०१६ च्या ‘उडान’ योजनेने सुमारे एका तासाच्या उड्डाणासाठी ठरावीक आसनांवर २,५०० रुपयांची भाडेमर्यादा घातली. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु त्यात उड्डाणाच्या तासाची किंमत ठरली. उड्डाणाची वाट पाहण्यात गेलेल्या दिवसांची नाही.

माझ्या मते प्रत्येक दुर्गम तालुक्यासाठी दोन आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत : जिल्हा मुख्यालय व मोठे रुग्णालय गाठण्यास एरवी लागणारा वेळ, आणि वर्षातील सर्वांत वाईट महिन्यात लागणारा वेळ. या दोहोंतील तफावत हेच दुर्गमतेचे खरे माप होय. औषधांचा साठा, डॉक्टरांच्या नेमणुका आणि स्थानिक अधिकाऱ्यांचे आर्थिक अधिकार त्या मापावरून ठरावेत. जो अधिकारी मंजुरीसाठी मुख्यालयाकडे डोळे लावून बसतो, त्याच्या बेटावर धावपट्टी असली काय आणि नसली काय, फारसा फरक पडत नाही.

प्रत्येक बेटावर, प्रत्येक दरीत विमानतळ बांधणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. जेथे नागरिकाला निर्णयापर्यंत लवकर पोहोचता येत नाही, तेथे निर्णयाचा अधिकार नागरिकाजवळ नेता येतो. त्यासाठी धावपट्टी लागत नाही. एक शासन आदेश आणि तो काढण्याची इच्छाशक्ती पुरेशी आहे.