खुंट आधी, कलम मागाहून



हे सदर बागेचे. पण हल्ली तासगाव तालुक्यात कुठल्याही बांधावर गेलो, की डाऊनी-भुरीचे बोलणे संपल्यावर घरधनी हळूच विचारतो, "साहेब, पोरगा सायबर सिक्युरिटीची सर्टिफिकेटं काढतो म्हणतोय. क्लासवाले दीड लाख मागतात. घालावेत का?" पोरगा कधी बी.ए., कधी बी.कॉम., कधी माझ्यासारखाच बी.एस्सी. ॲग्री. संगणकाचे शिक्षण म्हणाल तर एम.एस.-सी.आय.टी. एवढेच. मुलीही विचारतात, आणि मुलांपेक्षा नेमके विचारतात. बेदाण्याची पट्टी हातात येण्याआधीच ती क्लासला द्यायचे ठरलेली घरे मी पाहिली आहेत, म्हणून आज बाग बाजूला ठेवू.

आधी हे काम कसले ते पाहा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे पैसे २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी निघू लागले. आपल्याकडे कोल्हापुरातही निघाले. एटीएम प्रत्येक वेळी बँकेच्या संगणकाला विचारते, याच्या खात्यात शिल्लक आहे का? चोरांनी मध्येच आपला तोतया उत्तर देणारा बसवला होता. सौद्यात अडत्याच्या जागी परका माणूस बसावा आणि येईल त्याला "उचला माल" म्हणावे, तसे झाले. सोमवारी आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या बँकेत वळवले गेले. एकूण ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. असा तोतया वेळेत ओळखणे, मुळात त्याला आत येऊ न देणे, हे या क्षेत्रातल्या माणसाचे काम. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे किमान नियम घालून दिले. म्हणजे हे काम आता फक्त अमेरिकेतल्या कंपन्यांचे राहिलेले नाही.

आता सर्टिफिकेट. इथेच घरे फसतात. क्लासच्या पत्रकावर सी.आय.एस.एस.पी. किंवा सीसा ही नावे मोठ्या अक्षरांत दिसली तर थांबा. दोन्ही नामांकित आहेत यात शंका नाही, पण दोन्हींना साधारण पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पदवीमुळे त्यात थोडी सूट मिळते, एवढेच. सी.आय.एस.एस.पी.ची परीक्षा अनुभवाशिवाय पास झाले तरी पूर्ण सर्टिफिकेट हातात पडत नाही, 'असोसिएट' म्हणून थांबावे लागते. नवख्याला ही नावे दाखवणारा एक तर अडाणी, नाही तर लबाड.

नवख्यासाठी वाटा वेगळ्या आहेत. सी.आय.एस.एस.पी. देणाऱ्या आयएससी-टू या संस्थेनेच २०२२ साली 'सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी' ही परीक्षा काढली. तिला अनुभवाची अट नाही. दुसरी कॉम्पटिया संस्थेची 'सिक्युरिटी प्लस'. नव्वद मिनिटे, जास्तीत जास्त नव्वद प्रश्न, आणि सर्टिफिकेट तीन वर्षे चालते. तिलाही सक्तीची अट नाही. पण आधी नेटवर्कचे ज्ञान आणि दोन वर्षांचा अनुभव असलेला बरा, असे संस्था स्वतःच सांगते. क्लासवाले हे वाक्य वाचून दाखवत नाहीत.

त्या वाक्याचा अर्थ द्राक्षवाल्याला समजावून सांगायला नको. तुम्ही डॉगरिजचा खुंट लावता, तो मुळे धरेपर्यंत वाट पाहता, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर सोनाक्काची नाही तर थॉमसनची काडी भरता. रानात नुसती काडी खोचून कुणी बाग धरतो का? सर्टिफिकेट ही काडी. खुंट म्हणजे संगणक एकमेकांशी बोलतात कसे, आयपी पत्ता म्हणजे काय, लिनक्स कसे चालवायचे, पासवर्ड साठवतात कुठे आणि कसा, हे ज्ञान. ज्याला हे येत नाही त्याने पाठांतर करून परीक्षा काढली, तरी मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला त्याचे पितळ उघडे पडते.

हा खुंट फार खर्चाचा नाही. घरात एक जुना, पण बरा चालणारा संगणक हवा. लिनक्स फुकट. एका संगणकात दुसरा खोटा संगणक चालवून दाखवणारे व्हर्च्युअलबॉक्स फुकट. नेटवर्कवरची ये-जा उघडून दाखवणारे वायरशार्कही फुकट. सिस्को नेटवर्किंग अकादमीचे सुरुवातीचे वर्ग विनामूल्य आहेत. आपल्या आय.आय.टी.च्या प्राध्यापकांचे संगणक नेटवर्कचे पाठ एनपीटेलवर आहेत. ते ऐकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची तरच फी. रोज दोन तास, खरड छाटणीपासून फळछाटणीपर्यंत, एवढा काळ धरून चाला. अडचण इंग्रजीची आहे. या परीक्षा मराठीत होत नाहीत. म्हणून पहिले दोन महिने शब्द वहीत लिहून काढण्यात गेले तर ते वाया गेले समजू नका.

शिकताना शेजाऱ्याच्या वायफायवर किंवा सोसायटीच्या संगणकावर हात साफ करायचा नाही, हे मुलाला घरातल्या मोठ्यांनी स्पष्ट सांगावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सराव फक्त आपल्या यंत्रावर.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांच्या बाजूची आहे, आणि ती मला क्लासच्या कुठल्याच पत्रकात दिसली नाही. या क्षेत्रात सगळेच काही रात्रभर पडद्यावर चोर शोधत बसत नाहीत. तपासणीचेही मोठे काम असते. कुणाला कुठल्या खोलीची किल्ली दिली, नोकरी सोडलेल्याचा प्रवेश बंद केला का, कागदावर लिहिले तसे प्रत्यक्षात होते का. ज्या मुलीने निर्यातीच्या बागेची फवारणीची नोंदवही ठेवली, ग्लोबलगॅपच्या तपासनिसाला काढणीपूर्व दिवसांचा हिशेब दाखवला, तिला हे नवे वाटणार नाही. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, ते आठवते ना? इतर तपासण्यांचे कागद होते, पण या एका औषधाकडे तेव्हा आपल्याकडे कुणी पाहत नव्हते. संगणकाच्या सुरक्षेतले घोटाळे पुष्कळदा असेच होतात. मुलाखतीत हा अनुभव लाजून लपवू नये, सांगावा.

पहिली नोकरी सुरक्षेचीच मिळेल अशी आशा धरू नका. पुष्कळजण हेल्पडेस्कवर, नेटवर्कच्या दुरुस्तीवर किंवा पाळीत बसून इशारे तपासण्यावर सुरुवात करतात. पाळी रात्रीचीही असते. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर सी-डॅकचा या विषयातला पदव्युत्तर डिप्लोमा पाहावा. त्याला सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा आहे. बाकीच्यांनी पात्रता नीट वाचूनच अर्ज करावा.

मग क्लास लावायचाच नाही का? लावा, पण खुंट मुळे धरल्यावर, आणि फी हप्त्याने घेणारा असेल तर. "नोकरीची हमी" म्हणणाऱ्याकडून ती हमी, पगाराच्या आकड्यासह आणि न मिळाल्यास पैसे परत करण्याच्या अटीसह, लेखी मागा. पीककर्ज या कामी वळवू नका आणि दागिने गहाण टाकू नका. परीक्षेची फी डॉलरमध्ये ठरते, तेव्हा भरायच्या दिवशी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा, मध्यस्थाच्या हाती देऊ नका. कधी सवलतीही असतात.

परीक्षा केंद्र पुण्यात आहे. अर्जातले नाव ओळखपत्रावर असेल तसेच अक्षरन् अक्षर लिहा, नाहीतर दारावरून परत यावे लागते. सातबाऱ्यावर एक आणि बँकेत दुसरे नाव असले की काय हाल होतात, ते तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.