जोत्याखालची ओल

कोकणात, जेथे वर्षाकाठी 2500 मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य कोसळतो आणि जेथील सच्छिद्र जांभा जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढवतो, तेथे दर्शनी भागावर सढळ हाताने खर्च करणाऱ्या घरमालकाने जोत्याच्या बाबतीत मात्र काटकसर करावी, हे मला अत्यंत खेदजनक वाटते. भराव नीट धुमसून, सोलिंगवर काँक्रीट ओतण्यापूर्वी जाड प्लास्टिकचा कागद, सांधे एकमेकांवर वीतभर चढवून, अंथरावा आणि जोत्याच्या माथ्यावर ओलप्रतिबंधक थर अखंड फिरवावा, एवढीच ही तजवीज. परंतु लादी बसल्यावर ती करता येत नाही. पोपडे सुटलेली भिंत पुनःपुन्हा रंगवणे हा उपाय नव्हेच. जोते तपासणीचा दाखला देताना या थराची प्रत्यक्ष पाहणी सक्तीची करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.