लिस्टर स्टॉर्म : छोट्या कारखान्याची मोठी मोटार

व्यापारी घराण्यात एक संवाद प्रत्येक पिढीत होतो. मुलगा म्हणतो, काही नवे करू. वडील विचारतात, भांडवल किती लागेल, आणि बुडाले तर पेढीचे काय? इंग्लंडमधील लिस्टर या नावाच्या वाटचालीत या प्रश्नावर विचार करण्याजोगे बरेच आहे.

केंब्रिज येथे जॉर्ज लिस्टर यांचा यंत्रकामाचा कारखाना होता. त्यांचे नातू ब्रायन लिस्टर यांनी १९५४ मध्ये त्याच्याच आधाराने शर्यतीच्या मोटारी बांधण्यास प्रारंभ केला. सांगाडा व जुळणी स्वतःची, इंजिन मात्र ब्रिस्टल वा जॅग्वार अशा मोठ्या कंपन्यांचे, हे त्यांचे धोरण होते. यश लवकर लाभले. परंतु १९५८ मध्ये बेल्जियममधील स्पा येथील शर्यतीत त्यांचे प्रमुख चालक आर्ची स्कॉट ब्राउन अपघातात मृत्यू पावले. १९५९ मध्ये ब्रायन शर्यतींतून निवृत्त झाले. मोटारी थांबल्या, तरी घरचा कारखाना चालू राहिला.

१९८६ मध्ये लॉरेन्स पियर्स यांनी हे नाव पुन्हा उभे केले. जॅग्वार मोटारींत फेरफार करून त्या अधिक वेगवान करून देणे, हा त्यांचा धंदा. त्या कामात हाताखालून गेलेले बारा सिलिंडरचे जॅग्वार इंजिन, सुमारे सात लिटर क्षमतेचे करून, त्यांनी १९९३ मध्ये लिस्टर स्टॉर्म या स्वतःच्या मोटारीत बसविले. ॲल्युमिनियमचा मधाच्या पोळ्यासारखा सांगाडा, चार आसने, आणि वजनाचा तोल साधावा म्हणून बरेच मागे घेतलेले इंजिन, अशी तिची रचना होती.

लांब पल्ल्याचा प्रवास वेगाने व आरामात करणाऱ्या अशा मोटारींना ग्रँड टूरर म्हणतात. त्यांच्या शर्यतीचा मूळ संकेत असा की, धावणारी मोटार रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मोटारीवर आधारलेली असावी. म्हणून छोट्या कारखान्यालाही आधी रस्त्यावरची गाडी बांधावी लागली. अशा गाड्या जेमतेम चार तयार झाल्या.

१९९५ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत स्टॉर्म उतरली, पण शेवटपर्यंत टिकली नाही. त्या वर्षी मॅक्लारेनने ती शर्यत जिंकली. पुढे पोर्शे आणि मर्सिडीज यांनी या वर्गात एवढा पैसा ओतला की, १९९८ च्या एफआयए जीटी स्पर्धेतील प्रत्येक फेरी मर्सिडीजने जिंकली. त्यानंतर मोठ्या कंपन्या निघून गेल्या आणि १९९९ पासून तो महागडा वर्गच स्पर्धेतून बंद झाला. लिस्टरने बदललेल्या नियमांनुसार नवी स्टॉर्म सिद्ध केली. १९९९ मध्ये क्रायस्लरच्या व्हायपरने बाजी मारली. मात्र २००० मध्ये ज्युलियन बेली आणि जेमी कॅम्पबेल-वॉल्टर या चालकांनी स्टॉर्ममधून विजेतेपद पटकावले.

मोठ्या पेढीचा पैसा बाजारात आला की छोट्याने धीर सोडू नये, कारण तो पैसा जसा येतो तसा एके दिवशी परतही जातो. जो तोवर आपल्या ऐपतीत टिकतो, त्याच्या वाट्याला संधी येते. पण ताळेबंदाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. करंडक मिळाला, तरी गाड्या विकल्या चारच. विजेतेपद ही पत वाढविणारी गोष्ट आहे. गल्ला भरणारी नव्हे.

कर्जाचे प्रस्ताव वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे मत सांगतो. मुलाच्या नव्या उद्योगाला हात द्यावा. परंतु किती रक्कम गेली तरी मूळ पेढी उभी राहील, हा आकडा पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवावा. ब्रायन लिस्टर मोटारींतून बाहेर पडले, तेव्हा केंब्रिजच्या कारखान्याचे दार उघडेच होते.