नरकातील गाणी आणि समेची घाई

‘हॅझबिन हॉटेल’ या प्रौढांसाठीच्या अमेरिकन संगीतमय चित्रमालिकेचे २०२५ साली आलेले दुसरे पर्व शिष्यांच्या आग्रहावरून पाहिले. लुसिफरची कन्या चार्ली पापी जिवांना सुधारून स्वर्गास धाडण्यासाठी नरकात हॉटेल चालवते, ही मूळ कल्पना मोठी हृद्य. २०२४ च्या पहिल्या पर्वातली सोळा गाणी तिच्याच आधाराने उभी होती. यंदा मात्र डोक्याच्या जागी दूरचित्रवाणी-संच असलेल्या व्हॉक्सच्या सत्तालोभाने सारी कथा व्यापली आहे. ख्रिश्चन बोर्ल यांचा गळा तयार, यात शंका नाही. पण एक गाणे मुरते न मुरते तोच दुसरे अंगावर येते, आणि जिवांची सुधारणा राहते बाजूला. आलाप टाकून समेवर झडप घालणाऱ्या शिष्याला माझे दरबारी गवई वडील पुन्हा षड्जावर बसवीत. या मालिकेचा षड्ज ते हॉटेलच आहे!