आधी दोन केबीत बसून दाखवा

रोह्यात आमच्या लहानपणी 'टीव्ही गेम' म्हणजे पिवळी कॅसेट घातली की चालणारा डबा. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं, आत मात्र मोजकेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. तो डबा १९८३ सालच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल होता, हे मला इंजिनिअरिंगची डिग्री मिळाल्यावर कळलं.

आता सुटीला घरी आलो की मी त्याच डब्यासाठी गेम लिहितो. मित्र विचारतात, "याने पगार वाढणार का?" नाही वाढणार. पण ज्या शिक्षणाने पगार मिळाला, त्याने मला कॉम्प्युटर शिकवला नाही, त्याचं काय? कॉलेजात मायक्रोप्रोसेसर हा विषय होता. इन्स्ट्रक्शन पाठ केल्या, दोन आकड्यांची बेरीज केली, व्हायवा दिली, विसरलो. त्यातून काही बनवता येतं, हे कुणी बोललंच नाही.

फॅमिकॉममध्ये रॅम २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. तुम्ही वाचताय तो हा लेखसुद्धा तेवढ्यात मावणार नाही. त्यातला प्रोसेसर ६५०२ च्या घराण्यातला; त्याला गुणाकाराची इन्स्ट्रक्शनच नाही. बिट सरकवा, बेरीज करा, गुणाकार तुमचा तुम्ही घडवा. एका आडव्या रेषेत स्प्राइट आठच दिसतात, नववा गायब. गेममधले शत्रू लुकलुकायला लागले की आम्ही कॅसेट काढून फुंकर मारायचो. खरं तर प्रोग्रामर दर फ्रेमला क्रम बदलत होता, म्हणजे प्रत्येकाला आळीपाळीने दिसायला मिळावं.

पेणला मामांचा गणपतीचा कारखाना आहे. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० केबीत बसतो आणि त्यातला ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा, हे मी त्यांना दाखवलं. मामा म्हणाले, "मग काय, साचा एकच. आम्ही वेगळं काय करतो?" माझ्या चार वर्षांच्या कॉलेजपेक्षा त्यांना ते लवकर समजलं.

"आता कोड एआय लिहून देतो," असंही ऐकवतात. देऊ दे. तो चुकला हे ओळखणार कोण? ज्याने एकेक बाइट स्वतः हलवून पाहिलाय, तोच. पंधरा दिवसांत गेम डेव्हलपर करणारे कोर्स इंजिनची बटणं शिकवतात; बटणाखाली काय चालतं ते नाही.

सुरुवातीला पैसे लागत नाहीत. जुना लॅपटॉप, सीसी६५ हा फुकट असेंबलर-कंपायलर आणि मेसेन हा एम्युलेटर पुरे. मेसेनमध्ये मेमरीतला प्रत्येक बाइट बदलताना दिसतो. आधी फक्त पडद्याचा रंग बदला. मग आठ बाय आठ पिक्सेलचं एक चित्र उमटवा. मग ते बटणाने हलवा. महिना गेला तरी चालेल.

अवघड आहे, नाही म्हणत नाही. मी सगळं इंग्रजीतून, अडखळत शिकलो. रोह्याच्या दहावीतल्या पोराला ते तसं शिकावं लागू नये, म्हणून माझ्या नोंदी मी मराठीत लिहायला घेतल्यात. तुम्ही शिकलात तर तुम्हीही लिहा. कॅसेटवर ९९९९ छापणारे पुष्कळ झाले. त्यातला एक तरी गेम आपला असू दे.